तिघांना सारखी पट्टी

आई, काल मौद्याच्या पुढच्या एका खेड्यातल्या शाळेत एका बाईनं माझं म्हणणं मिनिटभरात मान्य केलं, आणि मला तुझा भयंकर राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता राग यायचं खरं तर काही कारण नाही. पण ऐक. आम्ही पहिली-दुसरीच्या मुलांचे डोळे तपासायला गेलो होतो. माझं काम अजून तेच आहे. लहान मुलांमधला आळशी डोळा कशानं होतो, किती मुलांना असतो आणि कसा बरा करता येतो, एवढ्यावर माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. तर तिथे एका मुलीचा डावा डोळा आळशी निघाला. तिच्या आईला निरोप धाडला. ती धानाच्या बांधीतून तशीच उठून आली, शाळेच्या नळावर पायाचा चिखल धुतला, दाराशी उभी राहिली, आणि मी सगळं समजावून सांगितल्यावर खाली बघत म्हणाली, "मॅडम, हे माझ्याच्यानं झालं काय जी? पोटात होती तेव्हा ग्रहण पाळलं नव्हतं मी." मी नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, ग्रहणाचा काही संबंध नाही, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, काही मुलं अशीच जन्माला येतात. ती म्हणाली, "अस्सं होय," आणि लगेच चष्मा कधी मिळेल ते विचारायला लागली. संपलं! एवढंच! हेच वाक्य मी तुला निम्म्या आयुष्यभर सांगत होते. स्वयंपाकघरात सांगितलं, रिक्षात सांगितलं, तुझे पाय चेपताना सांगितलं, आणि तू माझा डोळा आपल्याच हातानं बिघडवलास ही समजूत घट्ट धरून गेलीस. त्या बाईला पटलं याचा आनंद व्हायला हवा होता. मी आपली जीपमध्ये बसून तुझ्याशी भांडत आले.

आता सगळं पहिल्यापासून मांडते, मध्ये बोलू नकोस. आपल्या घरात तुझा एकच कायदा होता, तिघांना सारखं. बाबा गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात होते, त्यामुळे दिवाळीला एकच थान यायचं आणि त्यात दादाचा शर्ट, माझा फ्रॉक, धाकट्याचा सदरा आणि उरलेल्यात दाराचा पडदा निघायचा. त्या पडद्यासमोर काढलेल्या आपल्या फोटोत आम्हा तिघांची फक्त मुंडकी दिसतात. दादाला खोकला झाला की औषध तिघांना एकेक चमचा. दादाला गांधीलमाशी चावली तेव्हा चुना तिघांच्या हाताला लावला होतास, आणि धाकटा "मले काहून कमी लावला?" म्हणून रडला होता. बाकीच्या आयांना ही पद्धत विचित्र वाटायची, पण आपल्या घरात भांडणं कमी होती हे मात्र खरं. माहेरी तुम्ही सात बहिणी, आणि तुझा नंबर असा की तुझ्यापर्यंत येईस्तोवर पातेलं खरवडायचीच वेळ आलेली असायची. ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस, मला मावशीनं सांगितलं.

मग दादाचा डोळा तिरळा निघाला. तो तुझ्याशी बोलायचा तेव्हा त्याचा एक डोळा तुझ्याकडे असायचा आणि दुसरा नाकाकडे वळलेला. तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलंत. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा आळशी झालाय, उजव्या चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधा, म्हणजे डाव्याला झक मारत काम करावं लागेल. तू त्यांना तिथंच ऐकवलंस, "आमच्या घरात कोणी आळशी नाही जी." पण उपचार तुला पटकन समजला. घरी आल्यावर शेजारच्या काकूंना तू समजावत होतीस ते मला अजून आठवतं. एक सून सगळं ओढत राहिली की दुसरी आयती बसते, म्हणून पहिलीला चार दिवस माहेरी धाडायचं, दुसरी आपोआप कामाला लागते. मी आजवर किती जणांपुढे व्याख्यानं दिली असतील, याहून सोपं मला सांगता आलेलं नाही. खेड्यापाड्यातल्या बायांना मी हेच सांगते आणि त्या खळखळून हसतात, कारण कुठली सून कोण ते प्रत्येकीला माहीत असतं.

बाबांनी काळं अस्तर आणलं, तू जुन्या चड्डीतलं इलास्टिक काढून पट्टी शिवलीस, आणि दादा रातोरात राजा झाला. गल्लीतली पोरं त्याच्या मागं फिरायला लागली. शाळेत मास्तरांनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं. येणारा-जाणारा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. मी दुसरीत होते, माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, आणि घरात पट्टी एकच होती. हा सरळसरळ तुझ्या कायद्याचा भंग होता. मी जेवण सोडलं. म्हणजे तुझ्यासमोर सोडलं, काकूंकडे जाऊन जेवून यायचे. शेवटी तू कंटाळून म्हणालीस, "घे माय, घे एकदाची!" आणि अस्तराच्या उरलेल्या तुकड्यात दोन पट्ट्या आणखी शिवल्यास, एक मला आणि एक धाकट्याला, कारण मला दिल्यावर त्याला न देऊन चाललं नसतं. दादाची उजव्या डोळ्यावर होती, म्हणून आमच्याही उजव्या डोळ्यावर बांधल्यास.

धाकटा पट्टी बांधून अंगणभर बोंबलत पळाला. मी जागची हलले नाही. आई, तू गेलीस! म्हणजे तू समोरच होतीस, चुलीजवळ, पण तुझ्या जागी नुसता एक हिरवट ढीग होता आणि तो बोलत होता. भांडी, फळी, खिडकी, सगळं कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं. मला वाटलं, पट्टी बांधली की असंच दिसत असणार, दादालाही असंच दिसत असेल. आणि इतकं भांडून मिळवलेली वस्तू लगेच कशी परत करायची? म्हणून मी ती तशीच राहू दिली. तू अंबाडीची जुडी माझ्यापुढं टाकलीस आणि म्हणालीस पानं खुड. मी हातानं चाचपत खुडत बसले. थोड्या वेळानं तू बघितलंस तर पातेल्यात सगळ्या काड्या आणि पानं मोरीत. तू पाठीत एक धपाटा घातलास.

"काहून वं, नाटक करून राहिली काय?"

"नाही वं आई. मले दिसूनच नाही राहिलं."

तू हात वर केलास. "सांग, बोटं किती हायेत?"

मी खरोखर विचारलं, "कोणाचे?"

दुसरा धपाटा पडायचा तो पडला नाही. तू माझी पट्टी वर केलीस, मी म्हटलं तीन. खाली केलीस, मी म्हटलं कुठं? वर, खाली, वर, खाली. इलास्टिकचे फटके बसून माझ्या कपाळावर रेघ उमटली. मग तू खाली बसलीस, अंबाडीच्या काड्यांवरच. इतक्यात काकू मीठ मागायला आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मीठ न घेता निकाल देऊन गेल्या, "अवं, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली तू. तो झाकला, म्हणून दुसरा बिघडला असन."

दुसऱ्या दिवशी तू मला डॉक्टरांपुढं उभं केलंस आणि त्यांनी काही विचारायच्या आत कबुलीजबाब दिलास. "डॉक्टरसाहेब, पोराचा डोळा सुधराले निघाली, अन् पोरीचा बिघडवून बसली मी." डॉक्टरांनी माझ्या नाकावर ती जड चौकट ठेवली, काचा घालून-काढून बघितल्या, आणि चक्क हसले. म्हणाले, "बाई, हा डोळा जन्मापासून असाच आहे. उजव्याला नंबर नाही, डाव्याला मोठा नंबर आहे. मग मेंदू स्वच्छ चित्र घेतो आणि धुरकट चित्र टाकून देतो. हिचा डोळा मुलासारखा तिरळाही दिसत नाही, मग कळणार कसं? तुम्ही पट्टी बांधली म्हणून सापडला. नाहीतर ही लग्नाची होईपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता, आणि तेव्हा फारसं काही करता आलं नसतं." याहून स्वच्छ शब्दांत कोणाची निर्दोष सुटका होत नसेल. तू हात जोडलेस. रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "डॉक्टर देवमाणूस आहे. मले वाईट वाटू नये म्हणून बोलला बिचारा."

तुझं म्हणणं साधं होतं. सकाळी पोरगी धडधाकट होती, दुपारी पट्टी बांधली, संध्याकाळी डोळा गेला. दुसरी गोष्ट पहिलीच्या मागून आली की पहिलीमुळेच आली, या चुकीला आमच्या संशोधनात भारदस्त नाव आहे आणि ती टाळायला आम्ही वर्षं घालवतो. तुझ्याकडे नाव नव्हतं, नुसती खात्री होती, आणि तिच्यापुढे आमचं काही चाललं नाही. त्या दिवसापासून तुझा कायदा बंद पडला. दुधावरची साय मला. कढीतले गोळे मला दोन जास्त. पोळीच्या डब्यातली तुपाची पोळी मला. दादा भडकला. तो म्हणाला, "माझाही डोळा आळशीच आहे ना? मग हिलेच काहून?" तू परातीतून डोकं वर न काढता म्हणालीस, "तुझा देवानं केला. तिचा मी केला." दादा आजही चार माणसांत जेवायला बसलो की माझ्या ताटाकडे बघून म्हणतो, वाढा, तिचा आईनं केलेला आहे.

मला एका बाजूला जाड आणि एका बाजूला साध्या काचेचा चष्मा आला, त्यामुळे माझा एक डोळा म्हशीएवढा आणि एक माणसाएवढा दिसायचा. शिवाय रोज पट्टी होतीच. आणि आता ती मला नको होती. तू मात्र अशी बांधायचीस की ग्रहणसुद्धा इतकं चोख लागत नाही. त्या वेळी डॉक्टर सांगतील तितके तास, वर तुझ्या अपराधाचे चार तास जास्त. आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तू डोक्याला हात लावशील. इतक्या तासांची गरजच नव्हती! नंतरच्या संशोधनात असं दिसलं की बऱ्याच मुलांना आधी नीट चष्मा दिला आणि मग रोजचे थोडेच तास पट्टी लावली तरी चालतं. काहींचा डोळा तर नुसत्या चष्म्यानंच पुष्कळ सुधारतो. काही मुलांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात थेंब घालून तोच धुरकट करतात. आता तर मुलांना पडद्यावरचे खेळ देऊन दोन्ही डोळ्यांना मिळून काम करायला लावतात, त्यानं किती फरक पडतो यावर आमच्यात अजून हमरीतुमरी चालते. म्हणजे मी सुट्टीतल्या सगळ्या दुपारी एका डोळ्यानं जे तांदूळ निवडले, तेवढ्याची जरूर नव्हती. दोन्ही डोळे उघडे ठेवूनही मी काही दुपारी खेळायला जाऊ शकले असते. पण माझा डोळा सुधारला, चष्म्यातून तक्त्याच्या जवळजवळ खालपर्यंत वाचायला लागला, हेही खरं.

मी याच विषयात शिकायला गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं माझ्या डोळ्यामुळे गेले. मी तुझ्यामुळे गेले. मला तुला एकदा पुस्तकातून दाखवून द्यायचं होतं. पहिल्याच वर्षी डोळ्याचा प्लास्टिकचा नमुना घरी आणला, तो उघडून तुला डोळ्याची लांबी, भिंग, मागचा पडदा सगळं दाखवलं. तू तो हातात घेऊन फिरवलास आणि म्हणालीस, "बटाट्यावाणी दिसते." मी म्हटलं, आई, पट्टीनं डोळ्याची लांबी बदलत नाही, एका दुपारीत तर नाहीच नाही. तू म्हणालीस, "तू शिकली, तुले माहीत. पण मी केलं ते मले माहीत." पुढे रामटेकच्या बाजूला शाळा तपासायला लागलो तेव्हा दर खेपेला घरी येऊन सांगायचे, आज या शाळेत एक सापडला, त्या शाळेत दोन सापडल्या, यांच्या कोणाच्या आईनं पट्टी बांधली नव्हती, तरी आहेच ना? प्रत्येक शाळेत एखादं पोर निघतंच, कारण एक डोळा झाकून बघायचं कोणाला सुचत नाही. तू पोळ्या लाटता लाटता विचारायचीस, "पोरं जेवली होती का शाळेत?" मी साक्षीदारांची अख्खी रांग उभी केली, आई, आणि तू त्यांच्या जेवणाची चौकशी केलीस.

आता जे सांगायचं आहे ते तुझ्या मोतीबिंदूच्या वेळचं. तू मला कधी स्वतःचे डोळे तपासू दिले नाहीस. "पोरांचे तपास, मले काय झालं?" हे तुझं ठरलेलं. विदर्भातल्या निम्म्या शाळा पालथ्या घातल्या, पण घरातल्या घरात तुझ्यासमोर तक्ता धरायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी उजव्यात मोतीबिंदू वाढला, तेव्हा नाइलाजानं आलीस. ऑपरेशन झालं, उजव्या डोळ्यावर पट्टी घालून तुला खाटेवर बसवलं, आणि दादा भेटायला आला. तू कोपऱ्यातल्या सलाइनच्या स्टँडकडे बघून कळवळून म्हणालीस, "किती वाळला गा तू!" दादा दुसऱ्या बाजूला उभा होता, शंभर किलोच्या आसपासचा. आम्ही सगळे हसलो. वाटलं, डाव्यातही मोतीबिंदू असणार. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "मॅडम, डाव्यात मोतीबिंदू नावापुरताच आहे. पडदा चांगला आहे, नस चांगली आहे. पण डाव्याचा नंबर उजव्यापेक्षा फारच मोठा आहे, आणि हा डोळा त्यांनी लहानपणापासून वापरलेलाच दिसत नाही. तुमच्या घरात आणखी कोणाला आहे का असं?"

मी तिथंच हसायला लागले. डॉक्टर घाबरले, त्यांना वाटलं मला धक्का बसला. म्हटलं, आहे ना, माझ्या भावाला आहे, मला आहे, मी याच विषयात काम करते! आळशी डोळा नेहमीच वारशानं येतो असं नाही, पण डोळ्यांचे नंबर आणि तिरळेपणा घराण्यात पुष्कळदा चालत येतात, हे मी स्वतः कितीदा शिकवलंय. आणि सगळ्यात मोठा पुरावा माझ्याच घरात माझ्यासाठी पोळ्या लाटत होता. आता तू सुटलीस. पट्टीचा काही संबंध नाही, काकूंचा निकाल रद्द. मी तरातरा तुझ्या खाटेकडे निघाले.

अर्ध्या वाटेत पाय थांबले. कारण तू पुढं काय म्हणशील ते मला ऐकू यायला लागलं. "म्हणजे माझ्याकडून आला म्हण. अन् तिचा एकटीचाच नाही, पोराचाही." आजवर निदान दादा देवाच्या खात्यावर होता, आता तोही तू आपल्याकडे ओढून घेतला असतास. मग नातवंडांना एकेक करून जवळ घेऊन त्यांचे डोळे निरखले असतेस. एका दुपारचा अपराध सोडवायला जाऊन मी तुझ्या गळ्यात जन्माचा अडकवला असता. नंबर जसा माणूस ठरवून देत नाही, तसा वारसाही कोणी ठरवून देत नाही, हे तुला मी कुठल्या बटाट्यावरून समजावणार होते? तू विचारलंस, "काय म्हणते डॉक्टर?" मी म्हटलं, "वय झालं म्हणाले. डाव्याचं आता असंच राहायचं." तू म्हणालीस, "हो ना. वयच झालं," आणि पेज मागितलीस. डोळ्यांबद्दल मी तुला आयुष्यभर जे खरं ते सांगितलं, त्यातलं एक अक्षर तुला पटलं नाही. थाप एकदाच मारली, ती तू ताबडतोब मान्य केलीस.

म्हणून हे पत्र पोचवायची काही सोय असती तरी मी ते पाठवलं नसतं. सगळं लिहून काढल्यावर दिसतंय की यात तुझी सुटका पहिल्या पानावर होते आणि शेवटच्या पानावर तू पुन्हा अडकतेस. मी ते घडी करून माझ्याजवळच ठेवणार आहे.

फक्त एक सांगते, ते दादालाही माहीत नाही. माझं नाक बाबांचं, उंची आत्याची, रंग आजोबांचा. लहानपणी जो येईल तो म्हणायचा, पोरगी सगळी बापावर गेली, आईचं काहीच घेतलं नाही. तू हसायचीस, मीही हसायचे, आणि मला ते फार लागायचं. त्या दिवशी डॉक्टर बोलून गेल्यावर मी जी हसले ती तुझी केस जिंकले म्हणून हसले नाही. तुझ्याकडे यायच्या आधी मी दवाखान्याच्या बाथरूममध्ये गेले, चष्मा काढला, उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि आरशात नुसत्या डाव्यानं स्वतःला बघत उभी राहिले. बाहेर दादा दार वाजवत होता, त्याला वाटलं मी रडतेय. मला इतका आनंद झाला होता, आई, की दार उघडवेना.